गावाचा संघ

नाशिकमधला बास्केटबॉलचा चाहता दिवसातून दोनदा गाठता येतो. एकदा सकाळी सहाला आणि एकदा संध्याकाळी पाचनंतर. हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सामना सुरू होतो, तेव्हा गंगापूर रोडवर सकाळचे सहा वाजलेले असतात. निफाडचं तापमान वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर यावं अशा थंडीत तो पांघरुणातच फोन उघडतो आणि बोस्टनचा किंवा न्यूयॉर्कचा पहिला क्वार्टर पाहत पाहत जागा होतो. पश्चिम किनाऱ्यावरचा सामना असला तर तो साडेआठला लागतो. मग पहिलं लेक्चर बुडवायचं की नुसत्या स्कोअरवर भागवायचं, हे ठरवावं लागतं. संध्याकाळी हाच मुलगा कॉलेजच्या किंवा क्रीडा संकुलाच्या सिमेंटच्या कोर्टवर खेळत असतो. तिथे त्याला पाहायला कुणी आलेलं नसतं.

या दोन वेळांमधलं अंतर हा या प्रस्तावनेचा विषय आहे. भारतात बास्केटबॉल मोठा का झाला नाही, असा प्रश्न निघाला की उंची, पैसा आणि क्रिकेट ही उत्तरं ठरलेली असतात. त्यांत तथ्य आहेच. पण या खेळाचा इतिहास चाळताना आणखी एक कारण सतत समोर येतं आणि ते या तिन्हींपेक्षा वजनदार वाटतं. हा खेळ जिथे जिथे फोफावला, तिथे तिथे आधी एखाद्या गावाने किंवा मोहल्ल्याने एका संघाला आपलं म्हटलं होतं. नाशिकमध्ये खेळाडू आहेत, कोर्ट आहेत, दरवर्षी स्पर्धाही होतात. शहराने आपला म्हणावा असा संघ मात्र नाही.

मुळात हा खेळ जन्मला तोच विद्यार्थ्यांसाठी. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या कॅनडातून आलेल्या शिक्षकापुढे एक अडचण होती. बाहेर बर्फ, आत कवायतीला कंटाळलेले अठरा विद्यार्थी. नेस्मिथ यांनी पीच ठेवायच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ पाडले. पहिल्या सामन्यात मिळून एकच बास्केट झाली. तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. उंची कुणी अभ्यास करून ठरवली नव्हती. एका इमारतीच्या बांधकामाने ती ठरवून टाकली आणि पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं तिला कुणी हात लावला नाही.

त्या अठरा जणांपैकीच डंकन पॅटन या विद्यार्थ्याने १८९४ मध्ये हा खेळ भारतात आणला, अशी नोंद आहे. म्हणजे टोपल्या ठोकल्यापासून तीन वर्षांच्या आत. त्यानंतर मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं आणि तिथून तयार झालेल्या क्रीडाशिक्षकांबरोबर बास्केटबॉल देशभरच्या शाळांत गेला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली, राष्ट्रीय महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला. कालक्रम पाहिला तर भारत उशिरा आलेला देश मुळीच नाही. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये, अनेक देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे का होईना, भारताचा पुरुष संघ खेळला आणि सगळे सामने हरला. त्यानंतर ऑलिंपिकच्या कोर्टवर भारतीय संघ पुन्हा उतरलेला नाही.

नेस्मिथ स्वतः १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथला पहिला संघ त्यांनी उभा केला. त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले ते एकटेच: ५५ सामने जिंकले, ६० हरले. कॅन्सस विद्यापीठ ज्या गावात आहे त्या लॉरेन्सची वस्ती ९५ हजारांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या नाशिकच्या साधारण पंधराव्या हिश्शाएवढी. या गावात १९५५ मध्ये बांधलेलं बास्केटबॉलचं सभागृह पंधरा हजारांहून अधिक लोकांना पुरतं. गावातल्या दर सहा माणसांमागे जवळजवळ एक खुर्ची, आणि सामना कॉलेजच्या मुलांचा असूनही त्या खुर्च्या भरतात. नातवाला घेऊन येणारे आजोबा स्वतः विद्यार्थी असताना याच सभागृहात उभं राहून ओरडलेले असतात. लॉरेन्समध्ये व्यावसायिक संघ नाही आणि त्याची कुणाला उणीव भासल्याचं दिसत नाही.

अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल म्हणजे व्यावसायिक खेळाची खालची पायरी, असं इथे अनेकांना वाटतं. नियमांपुरतं पाहिलं तर फरक थोडे आहेत. एनबीए या व्यावसायिक लीगचा सामना ४८ मिनिटांचा, कॉलेजचा पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन अर्धांचा. चेंडू हाती आल्यावर व्यावसायिक संघाला २४ सेकंदांत रिंगकडे फेकावा लागतो, कॉलेजच्या मुलांना ३० सेकंद मिळतात. तीन गुणांची रेषा एनबीएत समोरून ७.२४ मीटरवर, कॉलेजात ती आता आंतरराष्ट्रीय अंतरावर, म्हणजे ६.७५ मीटरवर. खरा फरक हंगामाच्या रचनेत आहे. एनबीएचा प्रत्येक संघ नेहमीच्या हंगामात ८२ सामने खेळतो. एक हरला तर दोन दिवसांनी दुसरा असतो. कॉलेजची राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये ६८ संघांनिशी सुरू होते आणि त्यात हरलेला संघ त्याच रात्री घरी जातो. दर्जा पाहायचा तर एनबीए पाहावी, यात वादच नाही. पण चाळीस मिनिटांत सगळं पणाला लागलेलं पाहायचं असेल तर मार्चमधला कॉलेजचा सामना पाहावा.

मार्च २०२२ चं उदाहरण नाशिकच्या वाचकाला जवळचं वाटेल, कारण ते जर्सी सिटीतलं आहे. न्यूयॉर्कसमोर हडसन नदीच्या पलीकडच्या या शहरात जर्नल स्क्वेअरच्या आजूबाजूला भारतीयांची मोठी वस्ती आहे. मिसळीचा मसाला आणि गणपतीची मूर्ती दोन्ही तिथे मिळतात. त्याच भागात सेंट पीटर्स नावाचं लहानसं विद्यापीठ आहे. त्याचा संघ त्या वर्षी आपल्या गटात पंधराव्या मानांकनावर, म्हणजे शेवटून दुसरा होता. पहिल्याच सामन्यात समोर दुसऱ्या मानांकनाचं केंटकी आलं, ज्याच्या नावावर आठ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. सेंट पीटर्सने जादा वेळेत ८५-७९ असा तो सामना काढला. मग मरे स्टेटला हरवलं, मग पर्ड्यूला. पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत पोहोचल्याचं त्याआधी कधी घडलं नव्हतं. उपांत्य फेरीच्या दारात नॉर्थ कॅरोलायनाने त्यांना ६९-४९ असं थांबवलं. आणि त्याच नॉर्थ कॅरोलायनाला अंतिम सामन्यात मध्यंतराला पंधरा गुणांनी मागे असलेल्या कॅन्ससने ७२-६९ असं हरवलं. तो सामना आपल्याकडे ५ एप्रिलच्या सकाळी चालला होता.

सेंट पीटर्सच्या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि आजचं कॉलेज बास्केटबॉल समजून घ्यायला तोच जास्त कामाचा आहे. स्पर्धा संपून काही दिवस होतात न होतात तोच प्रशिक्षक शाहीन हॉलोवे जवळच्याच सीटन हॉल या मोठ्या विद्यापीठात गेले. पाठोपाठ संघातले मुख्य खेळाडू एकेक करून दुसऱ्या विद्यापीठांत निघून गेले. ज्यांनी शहराला वेड लावलं त्यांचा संघ उन्हाळ्यापर्यंत शिल्लकच राहिला नाही. विद्यापीठ बदलताना एक वर्ष बाहेर बसण्याची जुनी अट २०२१ मध्ये सैल झाली होती. त्याच वर्षीच्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावाचा आणि चेहऱ्याचा मोबदला जाहिरातदारांकडून घेण्याची मुभा मिळाली. २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर तर विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली; पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलर, म्हणजे सगळ्या खेळांचे मिळून सुमारे पावणेदोनशे कोटी रुपये.

यावर चाहत्यांमध्ये दोन तट पडले आहेत. पैसा आला आणि कॉलेजचं प्रेम गेलं, असं एका बाजूचं म्हणणं. ते पटण्यासारखं नाही. मुलांच्या घामावर दूरचित्रवाणीचे करार, प्रशिक्षकांचे पगार आणि सभागृहांचं उत्पन्न कित्येक दशकं उभं होतं आणि त्या मुलांना मिळत होती फक्त शिष्यवृत्ती. त्यांचा वाटा त्यांना मिळाला हे न्याय्यच झालं. पण जर्सी सिटीतल्या ज्या पोराने त्या मार्चमध्ये पहिल्यांदा आपल्या गावाचं नाव टीव्हीवर ऐकलं, त्याने पुढच्या हंगामात कुणाच्या नावाने ओरडायचं, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच तडजोडीत नाही.

संघ आणि गाव यांच्या नात्याची सगळ्यांत मोठी परीक्षा व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये झाली आणि तिच्यात एक मराठी नाव आहे. विवेक रणदिवे मुंबईत वाढले, शिकायला एमआयटीत गेले, शेअर बाजारातली माहिती क्षणात पोहोचवणारं सॉफ्टवेअर त्यांनी बनवलं आणि टिब्को ही कंपनी उभी केली. बास्केटबॉल ते कधी खेळले नव्हते. मुलगी बारा वर्षांची असताना तिच्या संघाला शिकवायची वेळ आली तेव्हा क्रिकेटवर वाढलेल्या या माणसाला एक गोष्ट खटकली. कोर्ट ९४ फूट लांब. तरी बास्केट झाली की बचाव करणारा संघ मुकाट्याने मागे जातो आणि शेवटच्या चोवीसेक फुटांतच काय तो बचाव करतो. उरलेले सत्तर फूट फुकट का सोडायचे? त्यांच्या मुली नेमबाजीत आणि ड्रिबलमध्ये बेताच्या होत्या, म्हणून त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चेंडू आत टाकण्यापासूनच अडवायचं ठरवलं, पूर्ण सामनाभर, पूर्ण कोर्टवर. तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये यावर लेख लिहिला आणि पुढे आपल्या पुस्तकातही हा प्रसंग घेतला. नाशिकच्या कुठल्याही छोट्या कॉलेजच्या प्रशिक्षकाने तो वाचावा; उंच मुलं मिळत नाहीत ही तक्रार करण्याआधी तर नक्कीच.

रणदिवे २०१० मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सचे सहमालक झाले. २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ विकायला निघाला. तो सिएटलला न्यायची तयारी जवळजवळ पूर्ण झाली होती. या संघाचा इतिहासच स्थलांतराचा: रॉचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी आणि १९८५ पासून सॅक्रामेंटो. पण या शेवटच्या शहरात दुसरा कुठलाही मोठ्या लीगचा संघ नव्हता आणि लोक तो सोडायला तयार नव्हते. चाहत्यांनी मोहिमा चालवल्या. स्वतः एनबीएत खेळलेले महापौर केव्हिन जॉन्सन यांनी खरेदीदारांची जुळवाजुळव केली. मे २०१३ मध्ये संघमालकांच्या सभेने २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं आणि रणदिवे यांच्या गटाने ५३ कोटी ४० लाख डॉलरच्या मूल्यांकनावर संघ घेतला. गावाबाहेरच्या जुन्या सभागृहाऐवजी शहराच्या मध्यवर्ती भागात २०१६ मध्ये नवं सभागृह उभं राहिलं.

पुढची वर्षं मात्र सोपी नव्हती. प्रशिक्षक एकामागून एक बदलले. २०१८ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकाची संधी असताना किंग्जने मार्विन बॅगलीला घेतलं आणि लूका डॉन्चिच दुसरीकडे गेला. हा निर्णय सॅक्रामेंटोच्या चाहत्यांना आजही सलतो. सलग सोळा हंगाम संघ बाद फेरीत पोहोचला नाही, एनबीएच्या इतिहासातला हा सगळ्यांत लांब दुष्काळ. तो २०२३ मध्ये संपला. त्या हंगामात प्रत्येक विजयानंतर सभागृहावरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडला जायचा आणि अख्खं शहर त्याची वाट पाहायचं. पहिल्याच फेरीच्या सातव्या सामन्यात प्रतिस्पर्धी संघाच्या स्टीफन करीने ५० गुण केले आणि किंग्ज हरले. जांभळा झोत त्यानंतरही चालू आहे.

हेच रणदिवे ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला आपला संघ मुंबईला घेऊन आले. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात हंगामपूर्व दोन सामने झाले. एनबीएचे भारतातले हे पहिलेच. पहिल्या दिवशी खुर्च्यांवर प्रामुख्याने शाळकरी मुलं होती. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने तो १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. काही महिन्यांत कोविड आला. मुलांची सकाळी जागायची सवय टिकली, पण त्या दोन दिवसांनी मैदानावर जो उत्साह यायचा तो बंद दारांमागे अडकला.

वरळीपासून काही किलोमीटरवर नागपाडा आहे, आणि महाराष्ट्रात गावाचा संघ कसा असतो हे पाहायचं तर एनबीएपेक्षा तिथे पाहावं. अमेरिकन मराठी मिशनने क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९२० च्या दशकात तिथे नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केलं. हेच मॅन्शार्ट पुढे १९३६ मध्ये टाटांच्या समाजकार्य शिक्षणसंस्थेचे, म्हणजे आजच्या ‘टिस’चे, पहिले संचालक झाले. मुंबई सेंट्रलजवळच्या या दाट, कष्टकरी वस्तीत मोकळी जागा जेमतेम होती. क्रिकेटला लागतं तेवढं मैदान मिळणं शक्यच नव्हतं. २८ बाय १५ मीटरचा चौकोन मात्र मस्तान तलावाच्या मैदानात बसत होता. त्या चौकोनाभोवती पिढ्यान् पिढ्या लोक उभे राहिले. अब्बास मुंतसिर याच वस्तीचे. ते भारताचे कर्णधार झाले आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ते एकटेच नव्हेत. नागपाड्याने राज्याला आणि देशाला खेळाडूंची रांगच दिली. त्यातल्या कुणालाही लीगचं मानधन मिळालं नाही. चांगलं खेळलं की रेल्वेत, बँकेत, कस्टममध्ये नोकरी लागायची, आणि संध्याकाळी तोच माणूस पुन्हा त्याच कोर्टवर पोरांबरोबर उतरायचा.

आपल्याकडचा ‘व्यावसायिक’ बास्केटबॉल म्हणजे आजही मुख्यतः हाच आहे. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, पंजाब पोलीस, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक: देशातल्या मोठ्या स्पर्धांतल्या संघांची नावं वाचली तर ती खात्यांची आणि कंपन्यांची असतात. नाशिककरांना ही वाट ओळखीची आहे, ती दुसऱ्या खेळांतून. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. तिला नोकरी ओएनजीसीने दिली. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ सैन्यात गेला, तिथे त्याच्या हाती वल्हं आलं आणि २०१६ ला तो रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के राखीव जागा आहेत. घराला आधार देणारी ही व्यवस्था मोलाची आहे आणि तिला हिणवणाऱ्यांनी आधी एखाद्या खेळाडूच्या घरी जाऊन यावं. तिची मर्यादा एवढीच की खात्याच्या संघाला गाव नसतं. ओएनजीसी जिंकली म्हणून कुठल्याही चौकात फटाके वाजत नाहीत.

शहरांच्या नावाने लीग काढायचे प्रयत्न झाले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या यूबीए लीगमध्ये पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स असे संघ होते. तिला राष्ट्रीय महासंघाची मान्यता नव्हती आणि २०१७ नंतर ती थांबली. पुण्याने तो संघ ओळखावा इतका वेळच त्याला मिळाला नाही. महासंघाच्या पाठिंब्याने आलेल्या आयएनबीएलमध्ये २०२३ ला सहा शहरांचे संघ होते, त्यांत मुंबई टायटन्स. प्रयत्न चांगले आहेत. तरी संघाला शहराचं नाव दिल्याने तो शहराचा होत नाही, हे सॅक्रामेंटोने २०१३ मध्ये जितकं स्पष्ट दाखवलं तितकं अजून कुठल्या भारतीय लीगने मनावर घेतलेलं दिसत नाही.

मग नाशिकचा संघ कुठून येणार? तो आधीपासूनच आहे, फक्त त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. दरवर्षी नाशिक विभागातली महाविद्यालयं आपसात खेळतात. १९२४ पासून चालत आलेलं एचपीटी, मराठा विद्या प्रसारक समाजाचं केटीएचएम आणि जिल्ह्यातली इतर कॉलेजं. त्यातून निवड चाचणी होऊन विभागाचा संघ निघतो आणि तो आंतरविभागीय स्पर्धेत पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर यांच्याशी भिडतो. तिथून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. नाशिक विरुद्ध पुणे शहर! कांद्यापासून विमानतळापर्यंत कुठल्याही बाबतीत पुण्याशी तुलना निघाली की ज्या शहराचा आवाज चढतो, त्या शहरात हा सामना कधी झाला आणि कोण जिंकलं हे दुसऱ्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं.

अशा एखाद्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याला जाऊन पाहावं. कोर्ट सिमेंटचा. जुन्या कोर्टवर रिंगखाली खालच्या बाजूला रुंद होत जाणारा चौकोन अजून पुसटसा दिसतो; २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय नियम बदलून तो आयताकृती झाला, तेव्हा नवा रंग जुन्यावरच मारला गेला. तीन गुणांच्याही दोन रेषा: ६.२५ ची जुनी, ६.७५ ची नवी. बाहेरगावचा मुलगा घाईत जुन्या रेषेमागून फेकतो, चेंडू जातो, तो तीन बोटं वर करतो आणि पंच दोन दाखवतात. टेबलावर स्कोअरशीट, आणि शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसलेला विद्यार्थी.

त्या स्टॉपवॉचकडे विशेष लक्ष द्यावं. नोव्हेंबर १९५० मध्ये एनबीएचा एक सामना १९-१८ असा संपला होता, कारण एक संघ चेंडू नुसता धरून बसला. प्रेक्षक कंटाळून जाऊ लागले, तेव्हा सिरॅक्यूजच्या संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब मांडला: रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून १२० वेळा रिंगकडे फेकतात, सामना २,८८० सेकंदांचा, म्हणजे एका फेकीला २४ सेकंद. १९५४ मध्ये हा नियम आला आणि खेळाचा जीव वाचला. मोठ्या सभागृहांत हे घड्याळ बोर्डावर लाल आकड्यांत पळत असतं. जिथे ते यंत्र नसतं तिथे टेबलावरचा तो विद्यार्थी स्टॉपवॉच पाहतो आणि वेळ संपत आली की गळा काढून ‘आठ! सात! सहा!’ ओरडतो. खेळणाऱ्या दहाही जणांचे कान त्या आवाजाकडे असतात. या पातळीवरच्या खेळात इतकी ओढ आहे, आणि ती पाहायला कोर्टच्या कडेला उभे असतात ते बहुधा पुढच्या सामन्याची वाट पाहणारे खेळाडू आणि दोघा-तिघांचे मित्र.

मुलींच्या सामन्याला तर तेवढेही नसतात, आणि हे जास्त लागतं. कारण महाराष्ट्राच्या बास्केटबॉलमधलं अलीकडचं सगळ्यांत मोठं नाव एका मुलीचं आहे. पुण्याची शिरीन लिमये २०१७ मध्ये बंगळूरला कझाकस्तानचा ७५-७३ असा पराभव करून आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाचं विजेतेपद मिळवणाऱ्या भारतीय संघात होती. पुढे देशाचं कर्णधारपदही तिच्याकडे आलं. नागपूरची सिया देवधर तिच्यामागून आली. अमेरिकेत २०२४ च्या कॉलेज स्पर्धेचा महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला: १ कोटी ८९ लाख विरुद्ध १ कोटी ४८ लाख. केटलिन क्लार्क नावाची आयोवाची एक मुलगी आपल्याच राज्यातल्या विद्यापीठाकडून चार वर्षं खेळली आणि सगळं राज्य तिच्यामागे उभं राहिलं, याचा तो परिणाम होता.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झाकून उपयोग नाही. शालेय जिल्हा स्पर्धा ऐन पावसाळ्याच्या शेवटी येतात. ऑगस्ट-सप्टेंबरात उघड्या कोर्टवर शेवाळ धरलेलं असतं आणि लेअपला उडी घेणाऱ्या मुलाचा पाय सुटला तर गुडघा जातो. छताखालचा कोर्ट लाकडाचाच हवा असं नाही. पत्र्याचं छत आणि बरा दिवा असला तरी हंगाम दोन महिन्यांनी लांबतो. स्पर्धांचं वेळापत्रक जाहीर होतं ते कॉलेजपुरतं, शहरापर्यंत ते पोहोचत नाही. सामने दुपारी, कामाच्या दिवशी लागतात, कारण संध्याकाळी उजेड पुरत नाही. निकाल लागला तरी तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत, बहुतेक वेळा गुणफलकाशिवायच. यातलं काहीही दुरुस्त करायला लीगची गरज नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी एनबीएचा हंगाम सुरू होतो. त्याच सुमारास, परीक्षांच्या तारखांप्रमाणे थोडं पुढेमागे, आपल्याकडचे आंतरमहाविद्यालयीन सामने चालू असतात. कुठल्याही कॉलेजच्या जिमखान्यात विचारलं तर दिवस आणि कोर्ट कळतो. तिकीट लागत नाही. नव्या वाचकाने जाताना एवढंच करावं: पहिली पाच मिनिटं चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे पाहू नये. बाकीचे चौघे कुठे सरकतात, कोण कुणाला अडवून जागा मोकळी करून देतो, रिबाउंडसाठी कोण आधीच पाठ लावून उभा राहतो, ते पाहावं. मग चेंडूकडे नजर न्यावी आणि दोन्ही संघांची नावं विचारून घ्यावीत.